राखेची बादली आणि ओउतीचा जुना लॅपटॉप

मी, ताइस्तो कुउसेला, वय ७९, निवृत्त सुतार, राहणार याम्सा, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे असे डॉक्टर म्हणतात. गेल्या गुरुवारपासून मला स्वतःला तशी खात्री वाटत नाही.

१. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात ‘धाकटा भाऊ वेइयो याला काहीही देऊ नये, त्याने माझ्या शवपेटीजवळही उभे राहू नये’ असे कलम होते. ते वाचून मला आता शरम वाटते.

२. राहते घर मुलगी ओउती हिला. रंधे आणि करवती जावयाला, धार लावायला शिकणार असेल तरच.

३. ओउतीचा जुना लॅपटॉप. पडदा फुटलेला, तीन कळा गायब. तिने तो टीव्हीला जोडून दिला आणि वाचनालयातल्या यंत्रावरून आमच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी त्यात भरून आणल्या. "बाबा, आता बसा बघत आईला," म्हणाली. गुरुवारी १९९७ चा मध्यग्रीष्माचा सण लावला. मी कॅमेरा बंद करायला विसरून बाकावर ठेवला होता. अकरा मिनिटे नुसते गवत, सौन्याची भिंत आणि मागे तळे.

त्याच सणाच्या दिवशी आमच्या वडिलांनी बांधलेला सौना जळाला. वाफेने अंघोळ करायच्या त्या लाकडी खोलीत आम्ही दोघेही भाऊ जन्मलो होतो. वेइयोच्या सिगारेटने आग लागली, असे मी सगळ्या गावाला सांगितले आणि सत्तावीस वर्षे त्याच्याशी बोललो नाही.

चौथ्या मिनिटाला वेइयो थोटूक तळ्यात टाकतो आणि होडीत बसून जातो. सातव्या मिनिटाला माझ्या चपला दिसतात. अंघोळीच्या दुसऱ्या फेरीसाठी भट्टी पेटवायची मला घाई, म्हणून निखाऱ्यांसकट राखेची बादली मी भिंतीला टेकवून ठेवतो. दहाव्या मिनिटाला धूर. मी ते पाच वेळा पाहिले.

४. तळ्याकाठची जागा आणि हा लॅपटॉप वेइयोला.

ओउतीने हे वाचले आणि कडाडली, "मेल्यावर माफी मागणार? उठा, कोट घाला!"

५. हे कलम वेइयोच्या स्वयंपाकघरात हाताने लिहीत आहे. त्याने कॉफी ठेवली, पण माझ्याकडे पाहिले नाही. सत्तावीस वर्षांत त्याने सिगारेट ओढली नाही, कुणाच्या सौन्यात पाऊल टाकले नाही, हे मला आज त्याच्या शेजाऱ्याकडून कळले. लॅपटॉप त्याच्या टीव्हीला जोडला. माझ्या चपला आल्या, बादली आली. मला वाटले, आता हा मला हाकलणार.

तो पडद्याकडे बघत राहिला. मग लहानपणीच्या आवाजात म्हणाला, "दादा, म्हणजे मी नव्हतो?"

तो वाटेकरी असल्याने त्याची सही साक्षीदार म्हणून चालत नाही. खालील दोघांनी मला सही करताना एकाच वेळी पाहिले आहे. अक्षर माझेच आहे.

ताइस्तो कुउसेला

साक्षीदार: राइली हॉन्कानेन, माझी शेजारीण, सोबत आलेली
ओस्सी लाम्पेला, वेइयोचा शेजारी

स्थळ: ~~याम्सा~~ वेइयोचे घर, कॉर्पिलाहती
दिनांक: १३ ऑक्टोबर २०२४