हाडं राहिली, सूप गेलं

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (उभ्यानं करावा असं तोंडच राहिलेलं नाही.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला का? फोनच करणार होतो, पण आमच्या भिंती पातळ, ही ऐकेल.

हिला पाच दिवस ताप होता. ताप उतरला, पण जेवण नको, चहा नको. तेव्हा मीच छाती पुढे काढून म्हणालो, "आज घरचं चिकन सूप. तू फक्त पडून राहा." थंडी नुकतीच सरली आहे, बाजारात टोपल्या कोवळ्या मटारांनी, बोटाएवढ्या गाजरांनी आणि पातीच्या कांद्यांनी भरलेल्या. (घरी येईपर्यंत निम्मे मटार मीच खाल्ले, तो गुन्हा वेगळा.) तू सांगितलंस तस्संच केलं: हाडांसकट कोंबडी, आलं, मिरी, मंद आच, दोन तास. वास असा सुटला की ही आतून म्हणाली, "अहो, भूक लागली हो." पाच दिवसांत पहिल्यांदा, ताई!

मग गाळायची वेळ आली. माझा धंदा तुला ठाऊकच आहे. तीस वर्षं घड्याळांचे सुटे भाग पेट्रोलमध्ये धुतोय. गाळायचं, भाग ठेवायचे, पेट्रोल फेकायचं. हात सवयीनं चालला. सिंकवर गाळणी धरली आणि अख्खं पातेलं ओतलं. इकडेतिकडे एक थेंब सांडू दिला नाही. गाळणीतल्या हाडांकडे समाधानानं बघतोय, तोच खालच्या नळीनं शेवटचा घोट घेतल्याचा आवाज आला.

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण आतून "झालं का हो?" आलं, आणि मी मागच्या दारानं कोपऱ्यावरच्या खानावळीत पळालो. तिथलं सूप आणलं, त्यात मटार-गाजरं शिजवली, वर पात चिरून टाकली आणि वाडगा तिच्या हातात दिला. तिनं थेंबही ठेवला नाही. डोळे पुसून म्हणाली, "तुमच्या हाताला एवढी चव असेल असं वाटलं नव्हतं." निदान इथं तरी बोलायचं! मी मान खाली घालून म्हणालो, "आलं ताजं होतं." तेव्हापासून आरशात स्वतःकडे बघवत नाही. न बघता दाढी करतोय, दोनदा कापलंय.

भाऊजींना यातलं काही सांगू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. : हिनं माहेरी फोन करून कौतुक सांगितलंय. रविवारी सासूबाई सूप प्यायला येतायत. तू शनिवारीच ये. सहज आले म्हण.

आणखी ता. क. : वन्सं, पाकीट न चिकटवताच यांनी हे पत्र टाकायला माझ्याकडे दिलंय. खानावळीचं सूप मला पहिल्या घोटातच कळलं होतं. रडू मात्र खरं होतं. उलटा शर्ट घालून, धापा टाकत समोर उभे होते. आईला मी येऊ नको म्हणून कळवलंय. तुम्हीही येऊ नका, आणि यांना काही बोलू नका. रविवारच्या धास्तीनं तीन दिवस रोज सूप करतायत. कालचं चांगलं झालं होतं.