नागम्मानं काय सांगितलं

जुळे सोलापूर
४ ऑगस्ट २०२५

ती. चांगुणाआक्कास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

इकडे सगळे बरे आहेत, असं लिहायची सवय म्हणून लिहिलं. ईश्वर आणि आमची लेक आरोही बरे आहेत. मी नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाईलवर लिहिलं तर सूनबाई मोठ्यानं वाचून दाखवणार, म्हणून पत्र लिहितेय. वाचून झालं की चुलीत घाल.

माझं गणवेश शिवायचं दुकान तू पाहिलं आहेस. दोन वर्षांमागं बार्शीच्या व्यापाऱ्याची मोठी ऑर्डर मिळाली, तेव्हा जीएसटीची नोंदणी माझ्या नावानं केली. बिलात लावलेला कर आपला नसतो. विक्री दाखवून विवरणपत्र भरायचं आणि कर सरकारकडं पोचवायचा. हे काम मी सुमित नावाच्या कर सल्लागाराला दिलं होतं. तो महिन्याला फोन करून मोबाईलवर आलेला ओटीपी मागायचा आणि मी हातातली कात्री खाली न ठेवता सांगून टाकायचे.

परवा बार्शीवाला दुकानात आला. त्यानं मला दिलेला कर त्याच्या खात्यावर दिसतच नाही, म्हणाला. सुमितला गाठलं तेव्हा त्यानं कबूल केलं, की दहा महिने त्यानं माझी विक्री शून्य लिहिली. शून्य, आक्का! सहा जणी इथं मान मोडून शिवतोय. तो म्हणाला, कापडावर भरलेल्या करातच सगळं वजा होतं, घाबरू नका, सगळे असंच करतात. आता त्याचा फोन बंद आहे.

तुझ्यापाशी काय लपवू? मला शंका आली होती. पण कराचे म्हणून हाताशी राहिलेल्या पैशातून दोन मशिनी आल्या, म्हणून विचारलं नाही. आता जीएसटी कार्यालयाचं पत्र आलंय. अधिकारी दुकानाची पडताळणी करायला येणार आहेत. ईश्वरला अजून सांगितलेलं नाही. जिन्यात पाऊल वाजलं तरी दार लावून घेते. मला धरून नेतील का गं?

लहानीवर रागावू नकोस.
तुझी,
राजश्री


केम
८ ऑगस्ट २०२५

चि. राजश्रीस,
आक्काचा जयभीम नि लई आशीर्वाद.

तुजं पत्र पोचलं. चुलीत घाल म्हणतीस, पर चूल हाय कुटं आता? गॅस हाय की. उशीखाली ठेवलंय.

हितं पाऊस बरा हाय. म्हस व्याली, रेडी झाली. सून म्हणती तिचं नाव राजश्री ठेवू, लई वरडती. हस जरा.

तुजं ते विवरणपत्र मला काय कळत न्हाय. पर एक कळतं. साळंत तपासणीचा सायेब आला की तू आजारी पडायचीस, नि दुसऱ्या दिशी गुरुजी दुप्पट मारायचे. सायेब येणार तर येऊ दे. दार उघडं ठेव, तांब्याभर पाणी दे, नि हाय ते हाय म्हण. धरून नेणारा आदी पत्र धाडत न्हाय.

ईश्वरला आजच सांग. तो म्हापालिकेत पाण्याच्या खात्यात हाय, सायबांची भाषा त्याला तुज्यापरीस जास्त कळती. रागावंल, जेवणार न्हाय एक येळ. जेवंल दुसऱ्या येळी.

पत्र उलट टपाली टाक. जीव लागून राहिलाय.
तुजी आक्का,
चांगुणा


अक्कलकोट
१४ ऑगस्ट २०२५

ती. आक्कास,
सप्रेम जयभीम.

वर गावाचं नाव वाचून तुला कळलंच असेल. पळाले मी. शाळेतली मैत्रीण पूनम इथं असते. तिला बरं नाही, असं ईश्वरला खोटं सांगून मंगळवारी निघाले. पडताळणी बुधवारी होती. तुझं पत्र पर्समध्ये होतं, तरी एसटीत बसले.

बाकीच्यांना सुट्टी देऊन दुकानात एकट्या नागम्माला ठेवलं होतं. ती आमच्यातली सगळ्यात जुनी, विणकरांच्या घरातली. घरात तेलुगू बोलते, मराठी मोडकंतोडकं. तिला एवढंच म्हटलं, कुणी आलं तर सांभाळून घे.

आक्का, तिनं काय सांभाळलं ते ऐक. बोर्डावर माझा जीएसटी क्रमांक आहे, म्हणून तिनं बोर्डच काढला आणि कापडाच्या गठ्ठ्यामागं घातला. एक मॅडम आणि एक साहेब आले. तिनं सांगितलं, की इथं धंदा बिंदा काही नाही, गल्लीतल्या बायकांचे झंपर मी शिवते, राजश्रीताई इथं येत नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं आणि तिनं खाली सही केली. संध्याकाळी फोनवर मोठ्या अभिमानानं सांगत होती, ताई, तुमचं नाव पण येऊ दिलं नाही.

आज सकाळी मोबाईलवर नोटीस आली. दिलेल्या पत्त्यावर धंदा आढळला नाही, नोंदणी स्थगित केली आहे, कामाच्या सात दिवसांत उत्तर द्या, नाहीतर रद्द. मी ते नागम्माला सांगितलं. तिनं विचारलं, खोटं लिहून दिलं म्हणून पोलीस तिला नेतील का, आणि नेलं तर नातवाला शाळेतून कोण आणेल.

मी फोन ठेवून दिला. काय करू?

तुझी,
राजश्री


केम
१७ ऑगस्ट २०२५

राजश्रीस,
जयभीम.

कुंडलिकला पहिल्या गाडीनं धाडतेय. टपालाच्या भरवशावर सात दिस घालवायचे न्हाईत. ह्यो माजा ल्योक तुज्या हातात पत्र देईल नि तुला घेऊनच सोलापूरला जाईल. न्हाय म्हणू नको.

तू कर बुडवलास, ते भरून निघंल. पर तुज्या भ्यानं त्या बाईनं खोट्यावर सही केली, ते तुज्याबिगर कोण पुसणार? तिला एकटी सोडून तू मैत्रिणीकडं चहा पितीस व्हय? मला तुजा राग आलाय. घाईत लिवलंय, अक्षर गोड मानून घे.

आदी तिच्या घरी जा. मंग नवऱ्याला सांग. मंग हापिसात.

आक्का


जुळे सोलापूर
६ सप्टेंबर २०२५

ती. चांगुणाआक्कास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

उशीर झाला, माफ कर. सगळं निस्तरल्याशिवाय लिहायचं नाही, असं ठरवलं होतं.

कुंडलिकनं मला थेट नागम्माच्या दारात उतरवलं. तिनं आधी चहा केला, मग रडली. ईश्वरला सांगितलं तेव्हा तो रागावला नाही. नुसता जेवला नाही, तू लिहिलंस तसंच. दुसऱ्या दिवशी रजा टाकून आमच्याबरोबर आला.

कार्यालयाच्या पायऱ्या चढताना नागम्मानं माझा दंड एवढा घट्ट धरला होता, की वळ उठले. त्याच मॅडम होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. शून्य विक्री, दोन मशिनी, पळून जाणं. नागम्मा जे बोलली ते माझ्यासाठी बोलली, चूक माझी आहे, तिला सोडा, असंही म्हटलं. मॅडमनी बसायला सांगितलं, तेच मला ऐकू आलं नाही. सुमितचं नाव घेतलं तेव्हा त्या म्हणाल्या, त्याची तक्रार वेगळी करा, पण नोंदणी तुमच्या नावावर आहे, ओटीपी तुम्ही दिलेत, जबाबदारी तुमची. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं.

नागम्माचा जबाब त्यांनी पुन्हा घेतला. ह्या खेपेला प्रत्येक वाक्य तिला समजावून सांगितलं. पुन्हा असं कराल तर मी काही करू शकणार नाही, एवढी ताकीद देऊन तिला सोडलं. आम्ही नोटिशीचं उत्तर लेखी दिलं, दुकानाची पडताळणी परत झाली, आणि काल स्थगिती उठली. बुडालेला कर व्याजासकट भरला. त्यासाठी दोन्ही मशिनी विकल्या. सुमितनं शून्य लिहिलेली विक्री आता पुढच्या विवरणपत्रांत दाखवायची आहे. बार्शीवाला मात्र गेला. त्यानं ह्या वर्षीचं काम दुसरीकडं दिलं, आणि त्याला दोष कुठल्या तोंडानं देऊ? विवरणपत्र आता मी स्वतः भरते, ईश्वर शेजारी बसतो.

तू विचारशील, आता भीती गेली का. माझी बरीच गेली. नागम्माची नाही गेली. ती कामावर आली, पण भिंतीकडची जागा सोडून दाराकडं तोंड करून बसते. दारात कुणी अनोळखी उभं राहिलं की तिची मशीन थांबते, आणि ती माझ्याकडं बघते. मी हातातलं टाकून उठते आणि दाराशी जाऊन उभी राहते. आत या म्हणते, दुकान माझं आहे.

तुझी माया अशीच पाठीशी असू दे.
तुझी,
राजश्री