त्रिवेणीचं तोंड सोलल्याची हकिगत

मु. पिंगळी

थोरल्या नणंदबाई कस्तुराबाईंना भागम्माचा शरणार्थ. तुमचे गुडघे कसे हायत? माझे बसताना ऐकतात, उठताना ऐकत न्हाईत. सांगणारी मी, लिहिणारी तुमच्या भावाची नात त्रिवेणी. (मधेच कंसात काही घुसडील, तिकडं बघू नका.) तुमच्या महारुद्रच्या लग्नाला आमचं येणं काही जमत न्हाई. त्रिवेणी घरीच राहते म्हणायलीय, न् तिला सोडून मी येणार न्हाई. कारण तिचं तोंड.

दोन वर्षं झाली, पोरीच्या गालावर मुरमं. ओढणी बांधून कॉलेजला जायची, घरात आली तरी सोडायची न्हाई. मी डाळीचं पीठ लावलं, मुलतानी माती लावली, गल्लीतल्या बसप्पानं सांगितला म्हणून लसूण चोळला. (लसणानं भाजलं होतं. - त्रिवेणी) शेवटी परभणीच्या डॉक्टरीणबाईकडं नेलं. ती म्हणली, औषध लावून वरची कातडी काढू, त्याला पील म्हणतात. मी विचारलं, बाई, पोरगी हाय का बटाटा? बिचारी हसली, न् नीट समजावून सांगितलं: चार-पाच बाऱ्या लागतील, उन्हात जायचं न्हाई, सुटलेली साल ओढायची न्हाई, आजीनं घरचं काही लावायचं न्हाई. (शेवटचं दोनदा सांगितलं.)

तिसऱ्या दिवशी तोंड लाल, साल सुटायलेली. पोरगी पडदे लावून आत. शेजारच्या मनकर्णानं खिडकीतून बघितलं न् तिला वाटलं, देवी आली. तिनं आमच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला, न् दुपारपर्यंत पाच बाया अनवाणी, दहीभात घेऊन हजर. मी गप बसले. मुरमाला लोक नावं ठेवतात, देवीला कुणी ठेवत न्हाई. सगळ्या जणी त्रिवेणीसमोर हात जोडून बसल्या. एकीनं तर लेकाच्या नोकरीचं विचारलं. तशी ही हसली, न् बोलून गेली, "मावशी, देवी न्हाई. मुरमावरचा इलाज हाय."

मग मनकर्णा हळूच म्हणली, "आमच्या लेकीला, उत्तराला, चालंल का गं?"

सगळ्या जणी डॉक्टरीणबाईचा पत्ता घेऊन गेल्या. दहीभात ठेवून गेल्या, तो लय झकास होता. (आजीनं तीनदा घेतला.) तर लग्नाचा राग मानू नका. आशीर्वाद इथूनच.

तुमची,
भागम्मा

ता. क. – हे शिवप्रकाशकडून लिहून घ्यायलेय, त्याची बहीण तोंड धुवायला गेलीय. वर येत न्हाई लिहिलंय ते नुसतं तिच्या समाधानासाठी. मी दोघींच्या साड्या इस्त्रीला टाकल्यात.

आणखी एक. महारुद्रच्या साखरपुड्याला चारचौघींत तुमी तिची हनुवटी धरून गाल उजेडाकडं फिरवला होता. मायेनंच केलं, मला ठावं हाय. पण त्या दिवसापासून ती पाहुण्यांत बसली न्हाई. डाग अजून हायत, जायला महिने लागतील. तिच्या तोंडाविषयी कुणी बोलू नये, एवढं घरात सांगून ठेवा. चांगली दिसायलीस असंबी नको. जेवलीस का, एवढंच विचारा.