कोंबूला झाड होऊ देऊ नका

आदरणीय वहिनींना,

धाकट्या नणंदेचा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढताना दुखतो की उतरताना, तेवढं कळवा. (दादाला फोनवर विचारलं, तर म्हणाला, "दोन्ही वेळा, आणि मी समोर असलो की जास्त.") शाळा नीट चालली असेलच, तुम्ही मुख्याध्यापिका असताना वाकडं चालायची तिची काय बिशाद! इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. म्हणजे हे खुशाल आहेत, आणि मी कोंबू आहे.

घाबरू नका, डोकं ठिकाणावर आहे. बसस्थानकावर माझ्या जागी मशीन बोलायला लागल्यापासून मी घरी असते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. जन्मभर जिने गाड्या लागल्या-सुटल्याचं अख्ख्या स्थानकाला ऐकवलं, तिला बोलायला उरलं काय, तर "टॉवेल दोरीवर टाका"! त्यात एक दिवस मला उचकी लागली. हे घड्याळं दुरुस्त करायला बसले की डोळ्याला ते भिंग लावतात आणि मग घरात टाचणी पडलेलीही खपत नाही. म्हणून मी जिन्यात बसून उचक्या देत होते. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचा रेकॉर्डिस्ट धावत वर आला. मला वाटलं, पाणी घेऊन आलाय. हा म्हणतो, "काकू, याच उचकीत जरा 'कोंबू' म्हणा ना!"

मी म्हटलं. (आता उचकी लागलेल्या माणसाला जो जे सांगेल ते तो करून बघतोच.) झालं, धरलं मनगट आणि नेलं मला त्याच्या स्टुडिओत.

तर कोंबू हा मुलांच्या एका कार्डांच्या खेळातला राक्षस. त्या खेळात मुलं नाना तऱ्हेचे राक्षस पकडतात, पाळतात, मोठे करतात आणि एकमेकांशी झुंजवतात. त्याचंच कार्टून निघालंय आणि ते आपल्या भाषेत आणायचं काम या लोकांकडे आहे. कोंबू राक्षस नावालाच. दिसायला पोट सुटलेल्या मुळ्यासारखा, डोक्यावर दोन पानं, पायांच्या जागी मुळं. राग आला की पानं ताठ, वाईट वाटलं की लोंबतात. बोलतो मात्र एकच शब्द. भूक लागली, "कोंबू". वाचवा, "कोंबू". जा उडत, तेही "कोंबू". त्याचा आवाज काढणाऱ्या मुलीचा घसा बसला होता, म्हणून माझी वर्णी.

खोली म्हणजे भिंतींनासुद्धा सतरंज्या ठोकलेलं एक कपाट. काचेपलीकडे दिग्दर्शक बाई, माझ्या मुलीच्या वयाच्या, पण दरारा तुमच्यासारखा. मी घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "कोंबू." मग त्या हळूच म्हणाल्या, "मावशी, कोंबू येतोय. बस नाही." सवय हो, दुसरं काय! मग बांगड्या वाजतात म्हणून काढल्या, साडी सळसळते म्हणून हलायची बंदी झाली, तर पोटानेच सूर लावला. मी लाजेने अर्धी झाले, पण रेकॉर्डिस्ट टाळ्या पिटायला लागला. आता कोंबू जमिनीतून पाणी पितो तेव्हा जो आवाज येतो, तो तुमच्या नणंदेच्या पोटाचा आहे. (दादाला सांगा, आपल्या घराण्याचं नाव निघालं.)

खरी गंमत झुंजीच्या दिवशी झाली. कोंबूपुढे उभा ठाकतो भट्टा नावाचा आगीचा राक्षस. त्याचा आवाज काढणारे गृहस्थ एरवी दातांचे डॉक्टर आहेत, अंगाने दांडगे. त्यांनी माझ्या कानाशी अशी काही डरकाळी फोडली, की मी थेट टेबलाखाली! तिथून माझ्या तोंडून आपसूक एवढंसं "कोंबू" निघालं. मान बाहेर काढून बघते तर दिग्दर्शक बाई डोळे पुसताहेत आणि भट्टा खुर्चीत बसलेला. म्हणाला, "मला नाही जमणार. केवढासा आहे हो तो!" वहिनी, इतकी वर्षं गाड्यांची नावं घेतली, कुणाच्या डोळ्यांत कधी पाणी आलं नाही. (गाडी चुकलेल्यांच्या आलं असेल, पण ते श्रेय माझं नव्हे.)

घरीही माझा सराव चालूच असतो. हे काही विचारतात, मी "कोंबू" म्हणते, आणि यांना बरोबर कळतं! परवा मी गप्प होते, तर यांनी चक्क डोळ्याचं भिंग काढलं आणि विचारलं, "आज कोंबू रुसलाय का?" लग्नानंतर इतकं बारीक लक्ष यांनी फक्त घड्याळांकडेच दिलं होतं.

गुडघ्याला जपा. दादाला समोरून हलवत जा.

तुमची,
कोंबू (उर्फ नणंद)

ता. क. गप्प का होते ते लिहायचं राहिलं. पुढच्या भागात कोंबू मोठा होऊन त्याचा कोंबराज व्हायचाय: दाढीवालं झाड, घोगरा आवाज. म्हणजे मला पुन्हा टॉवेल आणि दोरी. पण ते मुलांच्या मतांवर ठरणार आहे, आणि खेळाच्या प्रत्येक कार्डामागे एक मत असतं. दादा म्हणतो, तुम्ही वर्गावर्गांतून जप्त केलेल्या कार्डांनी शाळेचं एक कपाट भरलंय. वहिनी, पाया पडते, ती पोरांना परत द्या आणि सांगा, कोंबूला लहानच राहू द्या म्हणून.

ता. क. २. पाकीट चिकटवत होते तोच दिग्दर्शक बाईंचा फोन आला. झाड झालं तरी आवाज माझाच घेणार! तेव्हा मतांचं एवढं मनावर घेऊ नका. आनंदाच्या भरात मी जिन्यात उभी राहून कोंबराजाचा आवाज काढून बघितला.

ता. क. ३. मनावर घ्याच. सगळ्या मजल्यांवरची माणसं बाहेर आली आणि यांच्या हातून कुणाचंसं घड्याळ पडलं. हे म्हणतात, असलं झाड घरात येणार असेल तर मी तुझ्या माहेरी राहायला जातो. बॅग भरायलाही घेतली आहे. तेव्हा एक तर कार्डं वाटा, नाहीतर मधली खोली आवरून ठेवा.