किल्ली खिशात, बाबा शेतात

३ मार्च

चि. चिंगीस,

आईचे अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्या मागोमाग एक तक्रार.

फोनवर हे बोलता येत नाही. तुझे बाबा शेजारीच बसलेले असतात, आणि एरवी हाका मारून घसा बसला तरी ऐकू न येणाऱ्या त्यांच्या कानांना स्वतःविषयीचं मात्र भिंतीपलीकडूनही ऐकू येतं. म्हणून पत्र.

अगं, हा माणूस हल्ली फार विसरतो. परवा दूध गॅसवर ठेवून अंगणात गेले, पातेलं काळंठिक्कर. दवाखान्यातून दुसऱ्याचेच बूट घालून आले आणि वर मलाच म्हणाले, पॉलिश छान केलंस. आणि असा माणूस दर रविवारी त्या ग्लायडिंग क्लबात जाऊन बिनइंजिनाच्या विमानात एकटा बसतो! इंजिनच नाही गं त्याला. विंच म्हणजे जमिनीवरचं दोर गुंडाळणारं यंत्र, त्याच्या दोरानं पतंगासारखं वर ओढतात आणि दोर सोडून देतात. पुढचं सगळं हवेच्या मर्जीवर. आता म्हणतात, मैदानाभोवतीच्या घिरट्या पुरे झाल्या, लांब जायचंय. माझ्या जिवाचं पाणी पाणी होतं. रविवारी शिलाईला बसते आणि तीच ती शिवण उसवत राहते. माझ्या विणकामातली लाल लोकरसुद्धा कापून नेली. कशाला म्हणून विचारलं, तर नुसते हसले.

माझं ऐकतील तर शपथ. तुझा शब्द मात्र ते मोडत नाहीत. उडणं थांबवा म्हणून लिही. मी सांगितलं असं कळू देऊ नकोस, नाहीतर घरात अबोला.

जेवणाची आबाळ करू नकोस, आणि लोभ पत्रातून दिसू दे.

तुझी, काळजीनं अर्धी झालेली,
आई

११ मार्च

ती. बाबांस,

सा. न. वि. वि.

आईनं मला काहीही सांगितलेलं नाही, हे आधीच सांगते.

इकडे वॉर्डात बरं चाललंय. खुब्याचं हाड मोडलेल्या आजी काल माझा हात धरून दारापर्यंत चालल्या आणि तिथून मलाच म्हणाल्या, तू दमलीस, बस. पण बाबा, हाडांच्या वॉर्डात नर्स असलं की जग वेगळं दिसायला लागतं. शिडी दिसली की मला प्लास्टर दिसतं. तुम्ही वर आहात असं मनात आलं की रविवारी मी डबा तसाच परत आणते. आणि विसरण्याचं म्हणाल, तर जळलेलं पातेलं घासता येतं. वर काही विसरलात तर?

तुम्ही त्या विमानाविषयी बोलता तेव्हा तुमचा आवाज कसा होतो ते मला माहीत आहे. म्हणूनच हे पत्र दोनदा फाडून पुन्हा लिहिलंय. पण आता थांबा. रागवा, पण थांबा.

रागावलात तरी माया कमी करू नका.

तुमची,
चिंगी

१८ मार्च

चि. चिंगीस,

अ. उ. आ.

आईनं काहीच सांगितलेलं नाही हे वाचून फार करमणूक झाली. जळक्या पातेल्याचा वास तुझ्या वॉर्डापर्यंत आपला आपणच आला म्हणायचा!

राग नाही आला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. दातांच्या डॉक्टरांच्या मागच्या खोलीत मी आयुष्यभर लोकांच्या कवळ्या घडवल्या. त्या खोलीला खिडकी नव्हती. प्लास्टरची धूळ आणि घासायच्या चाकाची घरघर, बस्स. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा विमानात बसलो, दोर सुटला, आणि एकदम सगळा आवाज गेला. काचेवरून जाणारी नुसती हवा. शेजारी एक घार फिरत होती. तिच्या मागोमाग गेलं की वर चढणारी ऊन हवा सापडते, आणि आपणही काही न करता वर. मी पोराटोरासारखा रडलो गं. तुझ्या आईला हे दाखवावं असं फार वाटायचं, पण ती कधी मैदानाच्या फाटकापर्यंतही आली नाही.

असो. विसरतो हे खरंच आहे, नाही कसं म्हणू? तू म्हणतेस तर थांबतो. पुढच्या रविवारी शेवटचं उडतो आणि मास्तरीणबाईंचा निरोप घेतो. (आम्हाला शिकवणाऱ्या बाई. बिचाऱ्या, त्यांचं खरं नाव कुणी घेतच नाही.) मग अंगणात भोपळे लावीन आणि त्यांच्याकडे बघत बसेन. भोपळ्यांना काय, कुणीही बघितलेलं चालतं.

तुझ्यावरचा लोभ होता तेवढाच आहे, रेसभरही कमी नाही.

तुझा,
बाबा

३१ मार्च

चि. चिंगीस,

आईचे आशीर्वाद. खुर्ची ओढून बस, मगच वाच.

काल दुपारी दारात मास्तरीणबाईंची स्कूटर. हातातली शिवण टाकून मी धावले. बाई शहाण्या, हेल्मेट काढायच्या आधी ओरडून म्हणाल्या की ते सुखरूप आहेत. झालं होतं असं, की शेवटचंच म्हणून तुझे बाबा जरा लांब गेले. परतताना वर नेणारी हवा सापडेना, तेव्हा एका मोकळ्या शेतात उतरले आणि तिथून क्लबात फोन केला. ह्या लोकांना त्याचं काही नाही. गाडीला लांबलचक ट्रेलर जोडून जातात, पंख काढून विमान आत घालतात नि घेऊन येतात. ट्रेलर आपल्याच गाडीला जोडून तयार होता. आणि गाडीची किल्ली? ती ह्यांच्या खिशात, शेतात!

दुसरी किल्ली माझ्या मशीनच्या खणात. बाई म्हणाल्या, द्या, मी जाते. मी म्हटलं, किल्ली येईल तर माझ्याबरोबर येईल. आज काय ते समोरासमोर होऊन जाऊ दे. वाटभर मी भांडण पाठ करत होते.

मधेच बाईंना सरळ विचारलं, हा माणूस वर पाठवण्याजोगा राहिलाय का. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाल्या, किल्ली घेऊन उडालेले अर्ध्या क्लबात आहेत, त्या स्वतःसुद्धा. मधूनमधून त्या मागच्या सीटवर बसून ह्यांची परीक्षा घेतात. ज्या दिवशी हात चुकेल त्या दिवशी विमान बंद, आणि ते बाई आधी मला सांगतील, मग ह्यांना. मला बाई पटल्या.

कापणी झालेलं शेत, मधे ते पांढरं विमान एका पंखावर कललेलं, आणि पंखाच्या सावलीत तुझे बाबा, शाळेतून न्यायला कुणी आलं नाही अशा मुलासारखे. मला बघून उठून उभे राहिले आणि कपड्यांवरची माती झटकायला लागले. बाईंनी मला फिरवून दाखवलं. शेजारच्या उभ्या पिकाचं पानही मोडलं नव्हतं. चाकाची रेघ सरळ. अलीकडच्या विजेच्या तारा ओलांडून बरोबर जागा निवडलेली. डोक्यावरचा चष्मा घरभर शोधणारा माणूस, त्याला वरून तारा दिसल्या गं!

आणि मग काचेवर मला माझी लोकर दिसली. बोटभर लाल धागा, चिकटपट्टीनं डकवलेला. हे म्हणाले, धागा सरळ मागे उडत असला की विमान नीट चाललंय, वाकडा झाला की आपलं काहीतरी चुकतंय. वर असताना नजर सारखी त्याच्याकडे जाते. झालं! पाठ केलेलं भांडण मीच विसरले. मला इतकी वर्षं वाटायचं, तिकडे गेले की हा माणूस मला विसरतो. शेतात उभी राहून रडले, बाईंच्या देखत.

तर तुला घातलेली गळ मी मागे घेते. उडायचं की नाही हे बाई ठरवतील, तू नाही नि मी नाही. किल्ली मात्र माझ्याकडे राहील. कुठेही उतरू देत, आणायला मी जाईन. हे तूच लिही. मी सांगितलं तर डोक्यावर बसतील.

माया आहेच, ती काय लिहायची.

तुझी,
आई

२१ एप्रिल

चि. चिंगीस,

अ. उ. आ.

तुझं एका ओळीचं पत्र पोचलं. शर्टाच्या खिशात ठेवलंय, आणि ते कुठे ठेवलंय हे मी विसरलेलो नाही.

किल्ली घेऊन उडणाऱ्याला आमच्या क्लबात शिक्षा असते. लाकडाची हातभर किल्ली गळ्यात अडकवून महिनाभर सगळ्यांना चहा करायचा. एकदा साखर घालायची राहिली. क्लबात कुणी चकार शब्द काढला नाही, तुझ्या मातोश्रींनी काढला. हो, त्या आता फाटकाच्या आत असतात.

काल बाईंनी माझी परीक्षा घेतली आणि एकट्याला सोडायचं ठरवलं. आमच्या विमानाच्या पोटाखाली एकच चाक, त्यामुळे ते एका बाजूला कलतं. म्हणून जमिनीवरून निघताना कुणीतरी पंखाचं टोक हातात धरून त्याला सरळ ठेवतं, आणि दोर ओढायला लागला की चार पावलं बरोबर धावतं. काल ते टोक तुझ्या आईनं धरलं. पायात माझेच बूट, एका हातात पंख, दुसऱ्या मुठीत किल्ली. बाईंनी तिला पुन्हा पुन्हा बजावलं होतं की पंखाला वारा लागला की तिथल्या तिथे सोडायचं, धरून ठेवलं तर विमान फिरतं आणि घात होतो. मला तर खात्री होती, ही बाई काही सोडायची नाही.

दोर ताणला गेला. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होतो. तुझी आई धावली, चिंगे. ह्या वयात, माझ्या बुटांत, धावली. आणि वेळेवर सोडलं.

आम्हा दोघांवर असाच लोभ राहू दे.

तुझा,
बाबा