भुताच्या तोंडचे शब्द

सावाई, सामोआ
१२ ऑगस्ट

प्रिय फेतुताई,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहोत. आईचा गुडघा दुखतो, तरी रविवारी चर्चला चालतच जाते आणि वाटेत कोणी गाडी थांबवली तर त्याच्यावरच डाफरते. नीरफणस यंदा इतके लागलेत, की डुकरंही तोंड फिरवतात. ऑकलंडच्या थंडीत अंगभर कपडे घालतेस ना, असं तुझी भावजय मालिए विचारते.

मागे फोनवर तू विचारलंस, मी काढलेला सिनेमा पाहिलास का. मी म्हणालो, ऐनवेळी वीज गेली. वीज गेली नव्हती.

चर्चच्या सभागृहात भर दुपारी पडदे ओढून तुझा सिनेमा दाखवला. आत आपल्या सगळ्या चुलतबहिणी बसलेल्या. तुझी माणसं पडद्यावर जे चावट बोलतात, ते आपल्या रीतीत बहिणींच्या शेजारी बसून मी कसं ऐकणार? म्हणून बाहेर नीरफणसाखाली उभा राहिलो आणि खिडकीच्या फटीतून सगळा पाहिला, शेवटच्या नावांपर्यंत. पाय भरून आले, पण हललो नाही.

सरदाराचं पोट बसच्या दारात अडकतं आणि तो म्हणतो, "अडकलो नाही, दाराला मान देतोय." हे वाक्य मी गावातल्या भुताच्या खेळात सोंग काढून घसा फोडून ओरडायचो. तू ते त्याला हळू म्हणायला लावलंस. मग कॅमेरा त्याच्या बायकोच्या चेहऱ्यावर नुसता थांबतो आणि ती हसू दाबत राहते. लोक खदखदा हसले आणि मग एकदम गप्प झाले. तिचा सगळा संसार दिसला गं त्या चेहऱ्यावर. मला हे जन्मात जमलं नसतं.

लोक बाहेर आले आणि माझी पाठ थोपटायला लागले. "इओसेफो, बहिणीनं तुझे विनोद पळवले की रे!" खोटं कशाला सांगू, बरं वाटलं मला.

आठ दिवस गप्पच होतो. आपल्याकडे खेळात जो बोलतो तो माणूस नसतो, भूत असतं. सरदाराची टोपी उडवली तरी कोणी जाब विचारत नाही. 'हे सुचतं कुठून?' असं कोणी विचारलं, की मी म्हणायचो, भुताला विचारा. लोक आणखी हसायचे. ऑकलंडला जाईपर्यंत पंधरा वर्षं तू माझ्या लुंगीच्या घडीत लिहिलेले कागद ठेवत होतीस, मी ते पाठ करून चुलीत घालत होतो. त्याबद्दल आपण दोघं कधी एक शब्द बोललो नाही. भावाबहिणीनं असलं बोलायचं नसतं, हे खरंच. पण ती रीत माझ्या फार पथ्यावर पडली.

गेल्या सोमवारी गावची बैठक होती. ऑकलंडच्या आपल्या मंडळींना कळवावं, फेतुआओनं भावाचं चोरलंय, तिनं सिनेमाला गावाचं नाव लावू नये, असं थोरले सरदार पाउलो म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी आईचा फुलाफुलांचा झगा पिशवीत घालून नेला होता. खेळातल्यासारखा तो घालून भुताच्या तोंडून सांगून मोकळं व्हावं, असा बेत होता. झगा बाहेर काढला, तशी मंडळी हसायला लागली. मी तो परत पिशवीत कोंबला.

"आज भूत आलेलं नाही," मी म्हणालो. "मी इओसेफो बोलतोय. माझ्या खेळांतलं एक अक्षर माझं नव्हतं. सगळं फेतुताईनं लिहिलं."

कोणी हसेना.

"म्हणजे माझ्या पोटाचं ते दारातलं... तेही?" पाउलोंनी विचारलं.

"तेही."

"तेव्हा पोर केवढी होती?"

"सतरा वर्षांची."

"सतराव्या वर्षी सरदाराच्या पोटावर नजर!" म्हातारा म्हणाला, आणि आधी त्याचं पोटच हलायला लागलं. "लिही तिला, पोट आता आणखी सुटलंय. पुढच्या वेळी पडदा मोठा घे म्हणावं."

घरी आल्यावर मालिए म्हणाली, "तुम्हाला किराण्याची यादी धड लिहिता येत नाही. मला शंका होतीच."

बहीण म्हणजे भावाच्या डोळ्यातली बाहुली, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. मी डोळेच मिटून बसलो होतो. मला माफ कर, ताई.

एक कागद मी जाळला नव्हता. दाराचा. तो मिळाला तेव्हा चुलीच्या खोपटामागे जाऊन, तोंडात लुंगी कोंबून हसलो होतो. तुझ्यासमोर हसायची सोय नव्हती, म्हणून इतक्या वर्षांनी लिहून कळवतो. फार हसलो होतो गं.

कागद सोबत पाठवतोय. खाली जागा रिकामी होती. पाउलोंच्या समोर बसून तिथं तुझं नाव लिहिलंय. अक्षर वाकडं आलंय, सांभाळून घे.

तुझे शब्द बोलत आलेला,
तुझा भाऊ
इओसेफो