दोन मात्रा

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मिळून आठ दिवस झाले. क्लासच्या छताचं काम काढलंय, मुलांना घरीच शिकवतोय, म्हणून उत्तराला उशीर झाला. काकूंचा गुडघा कसा आहे? त्यांना जिना चढू देऊ नकोस. ऐकणार नाहीत, तरी सांग.

सरांच्या स्मृतिदिनासाठी तू मागितलेली रचना झाली. दोन गिटारींसाठी आहे, बाज सरांच्या आवडीचा, स्पेनच्या फ्लॅमेंकोचा. त्यासाठी उजव्या हाताची नखं पुन्हा वाढवली. बायको म्हणते, "या घरात लांब नखं एकाचीच, आणि ती माझी नाहीत." चक्र बारा मात्रांचं. वाक्य दहाव्या मात्रेवर संपतं, शेवटच्या दोन मोकळ्या. "तिथे हात आवरायला शिक," सर म्हणायचे, "वाजवायला काय, कुणीही वाजवतं."

हे सगळं मी गोल गोल फिरून लिहितोय, ते तुझ्या पत्रातल्या एका ओळीमुळे. "शेवटच्या कार्यक्रमात तूच सांभाळून घेतलंस, असं बाबा अखेरपर्यंत सांगायचे."

ताई, सर तुमच्याशी खोटं बोलले.

त्यांना कमी ऐकू येतंय, हे मला वर्षभर आधीपासून ठाऊक होतं. तालमीत मी त्यांच्या डाव्या बाजूला बसायचो, तो कान बरा होता म्हणून. आम्ही दोघंही त्यावर बोलत नव्हतो. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यांनी मला सगळ्यांसमोर झापलं: "हात पळतोय, कान झोपलाय. उद्या माझी अब्रू काढशील." बाकीचे हसले. मी चाळिशीचा माणूस, माझे स्वतःचे शिष्य समोर बसलेले.

दुसऱ्या दिवशी रंगमंचावर सर दहाव्या मात्रेनंतर थांबलेच नाहीत. मोकळ्या दोन मात्रा गिळून थेट पहिलीवर आले. अशा वेळी दुसऱ्या गिटारीने निमूट त्यांच्या मागे जायचं असतं. दोन मात्रा सोडायच्या, बस. सभागृहात कुणाला पत्ताही लागला नसता. सरांनी मला शिकवलेली ही पहिली गोष्ट.

मी गेलो नाही. मी बरोबर मोजत राहिलो, आणि जरा जोरातच. चार चक्रं आम्ही दोघं एकमेकांवर आदळत होतो आणि पहिल्या रांगेतले लोक सरांकडे बघत होते. शेवटी त्यांनी तारांवर तळहात ठेवला, हसले आणि म्हणाले, "आमच्या शिष्याचं बरोबर आहे हं, म्हातारा चुकला." टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मी घेतल्या, ताई.

त्यानंतर त्यांनी गिटार पेटीतून काढली नाही, हे तुला माहीत आहे. वयामुळे, असं तुम्ही समजलात. मी भेटायला येत राहिलो. ते चहा विचारायचे, क्लासची चौकशी करायचे. मी तोंड उघडेन म्हणून थांबले असतील का, कोण जाणे. ते जाईपर्यंत दीड वर्ष मी हवापाण्यावर बोललो.

रचनेत तिसऱ्या भागात पहिली गिटार दोन मात्रा गिळून पुढे येते. मी माझ्या चांगल्यातल्या चांगल्या विद्यार्थ्यांना सोबतीला बसवून पाहिलं. सगळे बरोबर मोजत राहतात. माझेच शिष्य.

पहिल्या गिटारीचे कागद सोबत जोडलेत. ते तू वाजवावंस, सरांच्याच गिटारीवर, असं मनात आहे. तूही त्यांच्याकडेच शिकलीस, आता सवय मोडली असेल. अडखळलीस तरी चालेल. दुसऱ्या गिटारीचे कागद मी लिहिलेले नाहीत, पहिली जाईल तसं तिने जायचं आहे. तिथे मी बसावं की नाही, हे तू ठरव. नको म्हणालीस तर त्या दिवशी मी मागच्या रांगेतही बसणार नाही.

काकूंना हे वाचून दाखवायचं का, तेही तूच बघ.

सरांचा सोबती म्हणवून घेत आलेला,
मी